बी पॉझिटिव्ह, पुढे काय?

२०२३ चा मे महिना. अकोल्यातला मे म्हणजे काय असतो ते तिकडच्या लोकांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून समजायचं नाही. मावशी बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी पुण्यात, ऑफिसात. मावसभावाचा फोन आला, "दादा, आईचं ऑपरेशन अडलं. बी पॉझिटिव्ह पाहिजे अन् रक्तच भेटून नाही राहिलं. तू लवकर ये ना."

आता बी पॉझिटिव्ह हा काही दुर्मिळ गट नव्हे. आपल्याकडे दगड मारला तर बी पॉझिटिव्हवाल्याला लागेल! मी रात्रीची गाडी पकडायच्या आधी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर निरोप टाकला. शाळेचा ग्रुप, कॉलेजचा ग्रुप, गणेश मंडळाचा ग्रुप. वऱ्हाडातल्या माणसांचं एक आहे, अशा वेळी कोणी "पाहतो" म्हणत नाही, थेट येऊन उभा राहतो. सकाळी मी पोचलो तेव्हा दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली २२ पोरं उभी होती. त्यातली निम्मी अमरावतीहून, बडनेरा-मूर्तिजापूर करत शंभर किलोमीटर गाडी हाणत आलेली. सगळे बी पॉझिटिव्ह. कार्डं दाखवायला तयार.

आणि रक्तपेढीतला टेक्निशियन मला शांतपणे म्हणाला, "रक्ताचा तुटवडा नाही जी. फ्रीजमध्ये पिशव्या आहेत ना. चार लावून पाहिल्या, चारही जुळल्या नाहीत. मावशींच्या रक्तात कोणती तरी अँटिबॉडी आहे. ते कोणती, हे आमच्याइथं नाही समजत."

मावशीचा नमुना बर्फाच्या डब्यातून नागपूरला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं : अँटि-सी (स्मॉल सी) आणि अँटि-ई (कॅपिटल ई). ज्यांच्या लाल पेशींवर हे दोन्ही अँटिजेन नाहीत असंच रक्त हिला चालेल. ऑपरेशन झालं चौथ्या दिवशी. मावशी वाचली. पण मोडलेलं हाड घेऊन चार दिवस पडून राहिल्याने छातीत कफ साठला आणि नंतरचे आठ दिवस ऑक्सिजनवर काढावे लागले. ती पुन्हा स्वतःच्या पायांनी अंगणात यायला दिवाळी उजाडली.

हे सगळं झाल्यावर मी जे वाचलं, त्यातली एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. स्मॉल सी आणि कॅपिटल ई हे दोन्ही नसलेली माणसं भारतीयांमध्ये अजिबात दुर्मिळ नाहीत. साधारण ४० टक्क्यांच्या आसपास लोक तसे असतात. म्हणजे कडुलिंबाखालच्या २२ पोरांपैकी आठ-नऊ जणांचं रक्त मावशीला बहुधा चाललं असतं. फ्रीजमधल्या पिशव्यांतही तेच प्रमाण. रक्त तिथेच होतं, पण त्यातलं कुठलं ते ओळखणारं कोणी नव्हतं. आजचा लेख त्याबद्दल आहे.

आधी थोडं अँटिजेनबद्दल. आपण 'बी पॉझिटिव्ह' म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात दोनच प्रश्नांची उत्तरं देतो : एबीओ कोणता, आणि आरएच-डी आहे की नाही. पण लाल पेशीच्या पृष्ठभागावर आज माहीत असलेले रक्तगटाचे अँटिजेन ३५० हून जास्त आहेत आणि ते ४५ हून जास्त प्रणालींमध्ये विभागलेले आहेत. केल, डफी, किड, एमएनएस, ल्युथरन अशी त्यांची नावं. यातले पुष्कळसे निरुपद्रवी. पण एखाद्याला पूर्वी कधी रक्त दिलं असेल किंवा बाईचं बाळंतपण झालं असेल, तर तिच्या शरीराने परक्या अँटिजेनची ओळख करून घेऊन त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवलेली असू शकते. मावशीला १९८९ साली सिझेरियनच्या वेळी रक्त चढवलं होतं. घरात कोणाला आठवतही नव्हतं. तिच्या शरीराला मात्र आठवत होतं.

मग प्रश्न असा, की एखाद्याच्या रक्तात नेमकी कुठली अँटिबॉडी आहे हे ओळखायचं कसं? माझ्यातल्या प्रोग्रामरला सुचलेलं पहिलं उत्तर अगदी सरळ होतं. एकेक अँटिजेन वेगळा काढा, शुद्ध करा, एकेका नळीत ठेवा, रुग्णाचा सीरम टाका आणि कुठे प्रतिक्रिया होते ते बघा. प्रत्येक मोड्यूलची वेगळी टेस्ट! हे इतकं सोपं असेल तर कोणी करत का नाही?

करत नाही असं नाही. ते किती अवघड आहे हे अँटिजेन कशाचा बनला आहे यावर अवलंबून आहे.

ए, बी आणि एच हे अँटिजेन साखरेचे बनलेले. एच ही पायाची साखळी. तिला एक साखर जोडली की ए, दुसरी जोडली की बी, काहीच नाही जोडली की माणूस ओ. ही साखरेची साखळी लाल पेशीवर असतेच, पण बहुतेक लोकांच्या लाळेतसुद्धा विरघळलेल्या रूपात असते. त्यामुळे ती वेगळी काढता येते. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी ती काढली. कशातून? तर शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या अंडाशयाच्या गाठींमधल्या द्रवातून, कारण त्यात हा पदार्थ भरपूर सापडतो. त्याआधी डुकराच्या आणि घोड्याच्या जठरातून काढलेले ए आणि बी पदार्थ प्रयोगशाळांत वापरले जात. सीरममध्ये तो पदार्थ घातला की त्यातली अँटिबॉडी त्यालाच चिकटून बसते आणि लाल पेशींच्या गुठळ्या करायला शिल्लकच राहत नाही. गुठळी झाली नाही, म्हणजे ओळख पटली. लाळेत कुठला गटपदार्थ आहे हे याच तत्त्वाने आजही तपासता येतं.

आता गंमत बघा. याच मॉर्गन आणि वॉटकिन्स यांची नावं १९५२ सालच्या 'लॅन्सेट'मधल्या एका छोट्या लेखावर आहेत, आणि त्या लेखातलं पहिलं नाव आहे मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे यांचं. सोबत देशपांडे आणि भाटिया. मुंबईत त्यांना अशी माणसं सापडली होती की ज्यांचं रक्त नेहमीच्या तपासणीत ओ दिसायचं, पण ज्यांना ओ रक्तसुद्धा चालत नव्हतं. त्यांच्या पेशींवर पायाची एच साखळीच नव्हती. हाच तो जगप्रसिद्ध बॉम्बे रक्तगट. शहराचं नाव बदललं तरी रक्तगटाचं नाव तेच राहिलं :) मुंबईत साधारण दहा हजारांत एखादा असा निघतो. म्हणजे अमरावती किंवा अकोल्यासारख्या शहरातही असे काही लोक असणारच, आणि त्यातल्या कित्येकांच्या कार्डावर आज बिनधास्त 'ओ पॉझिटिव्ह' लिहिलेलं असेल.

का? कारण रक्तगट दोन बाजूंनी तपासायचा असतो. एकदा रुग्णाच्या पेशी घेऊन माहीत असलेल्या अँटिबॉडीशी, आणि एकदा रुग्णाचा सीरम घेऊन माहीत असलेल्या पेशींशी. दोन्ही उत्तरं जुळली तरच गट पक्का. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन स्वतंत्र चेक. पण दुसऱ्या तपासणीत फक्त ए आणि बी पेशी वापरल्या आणि ओ पेशींची नळी वगळली, तर बॉम्बे गटाचा माणूस हुबेहूब ओ दिसतो. ओ पेशींची नळी लावली की लगेच गुठळी होते आणि चोरी पकडली जाते. एक जास्तीची नळी! तेवढीच वाचवण्याच्या नादात पुढे जीव धोक्यात येऊ शकतो.

आपल्या मातीशी संबंधित आणखी एक गोष्ट सांगतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात लष्कराच्या वैद्यकीय सेवेत असलेल्या जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांच्या लक्षात आलं की कुळथाच्या दाण्यांचा अर्क ए गटाच्या पेशींच्या गुठळ्या करतो. कुळीथ म्हणजे तेच, कोकणात ज्याचं पिठलं करतात आणि घाटावर ज्याला हुलगे म्हणतात. योग्य प्रमाणात पातळ केला तर तो ए-वन आणि ए-टू या उपगटांतला फरकसुद्धा दाखवतो. हा अर्क आज जगभरच्या रक्तपेढ्यांमध्ये 'अँटि-ए-वन लेक्टिन' म्हणून विकत घेतला जातो. तत्त्व एवढंच, की दाणे दळा, मिठाच्या पाण्यात भिजवा, गाळा, वर राहिलेलं स्वच्छ पाणी घ्या. आपल्या डाळीच्या डब्यातल्या वस्तूची बाटली होऊन लेबल लागलं की आपणच ती किंमत मोजून घेतो, हा आपला जुना आजार. असो.

साखरेच्या अँटिजेनांचं हे झालं. प्रथिनांच्या अँटिजेनांचं मात्र वेगळं आहे, आणि मावशीचं घोडं तिथेच अडलं होतं. केल हे प्रथिन पेशीच्या आवरणातून एकदाच आरपार जातं, त्याचा मोठा भाग बाहेर असतो. त्यामुळे जनुकीय तंत्राने तेवढाच बाहेरचा भाग प्रयोगशाळेत बनवता येतो आणि तो बराचसा मूळ आकारात राहतो. असे काही शुद्ध अँटिजेन आज युरोपात तयार मिळतात. पण आरएचचं प्रथिन आवरणातून तब्बल १२ वेळा आत-बाहेर करतं, गोधडीतल्या दोऱ्यासारखं. स्मॉल सी काय किंवा कॅपिटल ई काय, हे त्या दोऱ्याच्या बाहेर आलेल्या टाक्यांचे आकार. दोरा ओढून काढलात की टाका उरतच नाही. आवरणातली चरबी आणि शेजारची प्रथिनं यांच्या आधारानेच तो आकार टिकतो. त्यामुळे आरएचचा अँटिजेन 'वेगळा काढून नळीत ठेवणं' हे अजून तरी रोजच्या वापराच्या आवाक्यात नाही.

मग प्रयोगशाळा काय करतात? अँटिजेन पेशीवरून काढता येत नसेल तर पेशीच अशी शोधायची की जिच्यावर काय आहे आणि काय नाही याची पक्की यादी आपल्याकडे आहे. याला म्हणतात सेल पॅनल. ओ गटाच्या साधारण ११ दात्यांच्या पेशी ११ छोट्या बाटल्यांत, आणि सोबत एक तक्ता. बाटली एकमध्ये कॅपिटल सी आहे, स्मॉल सी नाही, केल नाही, डफी-ए आहे, वगैरे वगैरे. रुग्णाचा सीरम ११ बाटल्यांशी लावायचा. ज्या पेशीने प्रतिक्रिया दिली नाही, तिच्यावर असलेल्या अँटिजेनांवर काट मारत जायचं. शेवटी तक्त्याशी जुळणारा आकृतिबंध उरतो. कोड न उघडता नुसत्या टेस्ट केसेस वापरून बग पकडण्यासारखं हे आहे. मला तर ते बघून चक्क आनंद झाला. इथे कसलंही अवाढव्य मशीन लागत नाही. लागते ती नीट जमवलेली माहिती आणि ती वाचू शकणारा माणूस.

आता माझा मुद्दा. हे पॅनल आपल्याकडे बहुतेक ठिकाणी येतं परदेशी कंपन्यांचं, परदेशी दात्यांच्या पेशींचं. महाग असतं. जिवंत पेशी असल्याने महिना-दीड महिन्यात मुदत संपते. लहान शहरातल्या रक्तपेढीला महिन्यातून एखाद-दुसरा असा रुग्ण आला तर ते परवडत नाही, म्हणून ती मागवतच नाही. शिवाय ते आपल्या लोकांसाठी बनलेलंच नसतं. १९७३ साली मुंबईतल्याच संशोधकांनी एक नवा अँटिजेन शोधला, त्याचं नावच पडलं 'इंडियन', म्हणजे आय-एन-ए. भारतात तो शंभरात तीन-चार जणांवर असतो, युरोपीय लोकांत जवळजवळ नसतोच. मग युरोपीय दात्यांच्या ११ बाटल्यांत तो कुठून सापडणार? त्याविरुद्धची अँटिबॉडी रुग्णात असेल तर पॅनल म्हणणार 'सब ठीक'. उलट केल अँटिजेन युरोपात शंभरात नऊ जणांवर आणि आपल्याकडे जेमतेम दोन-तीन जणांवर. आणि शोध अजून चालूच आहेत. २०२५ मध्ये कर्नाटकातल्या कोलारच्या एका बाईच्या रक्तात जगात पूर्वी कधीच न दिसलेला अँटिजेन नक्की झाला. त्याला 'क्रिब' नाव मिळालं, त्यातला 'आय' इंडियाचा आणि 'बी' बंगळुरूचा.

मुंबईत केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ साली ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणूनच सुरू झाली. विदर्भात चंद्रपूरलाही तिचं केंद्र झालं आहे. म्हणजे ज्ञान आपल्याकडे नाही असं कोणी म्हणू नये. सत्तर वर्षांपूर्वी 'लॅन्सेट'मध्ये छापून येण्याइतकं होतं. अडचण आहे ती मुंबईपासून अकोल्यापर्यंतच्या शेवटच्या पावणेसहाशे किलोमीटरची.

आणि ही गरज माझ्या एका मावशीपुरती नाही. विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच त्याबद्दल लिहून ठेवलं आहे. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याहून अमरावतीला येणाऱ्या पोरांमध्ये सिकलसेलची पोरं आहेत. त्यातल्या काहींना पुन्हापुन्हा रक्त लागतं. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी, आयुष्यभर. प्रत्येक पिशवी म्हणजे नव्या अँटिजेनांशी ओळख आणि नव्या अँटिबॉडीची शक्यता. दहाव्या वर्षी अशा मुलाला रक्त 'जुळत नाही' असं झालं तर त्याच्यासाठी कडुलिंबाखाली २२ पोरं कोण उभी करणार? २०२३ च्या जुलैमध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासण्या होताहेत, चांगलंच आहे. पण तपासणीनंतर जे रक्त द्यायचं, त्याच्या ओळखीचं काय?

म्हणून माझं मत असं, की अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांनी मिळून आपल्या नियमित रक्तदात्यांचा विस्तृत गट एकदा तपासून ठेवावा. ३५० अँटिजेन नकोत. एबीओ आणि डी च्या पुढे फक्त पाच : कॅपिटल सी, स्मॉल सी, कॅपिटल ई, स्मॉल ई आणि केल. वारंवार रक्त लागणाऱ्या रुग्णांसाठी तज्ज्ञ मंडळी एवढं तरी जुळवा असंच सांगतात. वर्षातून दोन-तीनदा नेमाने देणारे काही शे दाते दोन्ही शहरांत सहज आहेत, दर शिबिरात तेच चेहरे दिसतात. त्यांची यादी एका साध्या डेटाबेसमध्ये ठेवली तरी मावशीसारख्या रुग्णाला चौथ्या दिवशी मिळालं ते रक्त, अँटिबॉडी कळल्यापासून तासाभरात सापडेल. आणि याच दात्यांमधून ओ गटाचे निवडक दहा-अकरा जण घेऊन आपलं स्वतःचं पॅनल उभं राहू शकतं. मुंबईच्या संस्थेने ते पडताळून द्यावं, पेशी मात्र इथल्याच.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. मान्य, अँटिसीरा फुकट येत नाहीत. पण एक लक्षात घ्या, एचआयव्ही, कावीळ, मलेरिया वगैरेंची तपासणी प्रत्येक पिशवीला दरवेळी करावी लागते, कारण ती स्थिती बदलू शकते. रक्तगटाचे अँटिजेन जन्मापासून मरेपर्यंत तेच राहतात (बोनमॅरो बदलण्यासारखे अपवाद सोडून). एकदा तपासा, खातरजमेसाठी दुसऱ्या वेळी तपासा, आणि जन्मभर वापरा. याहून चांगलं कॅशिंग कुठे मिळणार?

दुसरा आक्षेप मला एका डॉक्टर मित्रानेच घेतला. तो म्हणाला, "अरे, इथे साधं रक्त वेळेवर मिळत नाही, अ‍ॅनिमिया झालेल्या बायका बाळंतपणात जातात, आणि तू स्मॉल सी-कॅपिटल ई काय घेऊन बसलास?" हा आक्षेप खोटा नाही. उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं आटतात, पिशव्यांचा खरोखर तुटवडा होतो. पण मला वाटतं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. ज्याला आपण तुटवडा म्हणतो त्यातला काही भाग हा माहितीचा तुटवडा असतो. मावशीच्या वेळी त्या फ्रीजमधली एकेक पिशवी लावून पाहत राहिलं असतं तर पाचवी किंवा सहावी कदाचित जुळलीही असती. पहिल्या चारही न जुळण्याची शक्यता ०.६ चा चौथा घात, म्हणजे साधारण आठात एक. पण अँटिबॉडी कोणती हे माहीत नसताना अंदाजाने 'जुळली' म्हणणं धोक्याचं असतं, कारण काही पेशींवर अँटिजेन कमी असतो आणि प्रतिक्रिया फसवी क्षीण येते. त्या टेक्निशियनने हात आखडला ते योग्यच केलं. चूक त्याची नव्हती. त्याच्या हातात आपण साधनंच दिलेली नाहीत.

तिसरी गोष्ट पैशाचीही नाही, कागदाची आहे. अँटिबॉडी काही वर्षांनी रक्तात इतकी कमी होऊ शकते की तपासणीत दिसतच नाही. पण शरीर विसरत नाही. चुकीची पिशवी चढली की काही दिवसांत ती उसळून वर येते. म्हणून ज्याच्या रक्तात एकदा अँटिबॉडी सापडली त्याला तसं लिहिलेलं कार्ड मिळायला हवं, आणि ते त्याने जन्मभर जवळ ठेवायला हवं. मावशीला असं कार्ड कोणी दिलं नाही. नागपूरचा रिपोर्ट मी लॅमिनेट करून तिच्या पाकिटात ठेवला, आधार कार्डाच्या मागे. तिने विचारलं, "काय लिहिलं रे याच्यात?" मी म्हटलं, "तू साधी बी पॉझिटिव्ह नाहीस असं लिहिलंय." ती म्हणाली, "थे तं मले माहीतच होतं!"

आपण शिबिरात रक्त देतो, बिस्किटं खातो, प्रमाणपत्राचा फोटो टाकतो आणि विसरून जातो. पुढच्या वेळी द्याल तेव्हा तिथल्या माणसाला दोन प्रश्न विचारा : रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये ओ पेशी लावता का? आणि माझा आरएचचा पुढचा गट, केलसकट, तपासून मिळेल का? बहुधा 'नाही' असंच उत्तर येईल. मी अमरावतीत विचारलं तेव्हा मलाही तेच आलं. पण तिथल्या ताईंनी माझा प्रश्न वहीत लिहून घेतला. पुढच्या शिबिराला जाईन तेव्हा पुन्हा विचारणार आहे.